पनवेलात उतरणारा मेंढ्यांचा वाडा

दिवाळी होते. भाताची कापणी उरकते, झोडणी उरकते. खळ्यातले भात घरात येते. पनवेल तालुक्यात जिथे अजून भातशेती उरली आहे, तिथली शेते मोकळी होतात. अशा दिवसांत एके सकाळी रस्त्यावर घुंगरांचा आवाज येतो.

पुढे तीन-चार घोडी असतात. त्यांच्या पाठीवर सारा संसार लादलेला असतो. हंडे, तवा, पिठाचे पोते, ताडपत्री, मेंढ्या कोंडायची जाळी, वर बांधलेले डालगे आणि डालग्यात कोंबड्या. एखाद्या घोड्यावर बोचक्यांच्या मधोमध दीड-दोन वर्षांचे मूल बसलेले दिसते. घोड्याचा दोर बाईच्या हातात असतो. मागून मेंढ्या येतात. कडेने कुत्री चालतात. सर्वांच्या मागे खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढका.

लोक म्हणतात, "धनगरांचा वाडा आला."

वाडा म्हटले की आपल्याला दगडी चिरेबंदी घर आठवते. हा वाडा पायांवर चालतो. पाच-सहा घरे मिळून एक वाडा होतो. रात्री सारे एकाच ठिकाणी उतरतात आणि पहाटे उठून चालू लागतात.

ही मंडळी येतात घाटावरून. पारनेर, पुरंदर, बारामती, फलटण असा जो कमी पावसाचा मुलूख आहे, तो यांचा. तिकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते, ओढे आटू लागतात. इकडे पनवेलला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. भात निघाले तरी बांधावर हिरवे राहते, ओहोळाला पाणी राहते. म्हणून मेंढके कोकणात उतरतात. कोणी माळशेज घाटाने मुरबाड-कल्याणच्या बाजूला जातात. कोणी बोरघाट उतरून खोपोली, चौक करीत पनवेलकडे येतात. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, पण त्यावर माणसाने पायी जायचे नाही आणि जनावरही न्यायचे नाही. मेंढक्याला जुनाच रस्ता.

तुम्ही विचाराल, इथे एवढे पाणी आहे तर ही मंडळी पावसाळ्यातही इथेच का राहत नाहीत?

त्याला कारण आहे. यांची मेंढी दख्खनी जातीची. अंगाने काटक, रंगाने बहुतेक काळी. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालेल, काटेकुटे खाऊन राहील, पण तिला ओल सोसत नाही. चिखलात खुर कुजतात. पाणथळ जागी बारीक गोगलगायी असतात. त्यांच्यातून एक चपटा जंत गवतावर येतो, गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातो आणि तिचे काळीज पोखरतो. मेंढी खाते-पिते तरी वाळत जाते, जबड्याखाली सूज येते. म्हणून वळवाचे ढग दिसू लागले की वाडा घाट चढू लागतो. जाण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचे औषध आणि आंत्रविषाराची लस घ्यावी. आंत्रविषाराने संध्याकाळी चरून आलेले धडधाकट कोकरू सकाळी मेलेले सापडते. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळे गवत अधाशासारखे खाल्ले की हा रोग उठतो. लस आधी टोचलेली असेल तरच तिचा उपयोग.

आता घोड्याचे पाहू. ज्या वाटेने बैलगाडी जात नाही तिथे घोडी जाते. ही घोडी उंचीने लहान असते, पण पायाने पक्की. बारामतीकडच्या मुलखाला पूर्वी भीमथडी म्हणत. तिथल्या तट्टांचे नाव पेशवाईपासून गाजलेले आहे. २०२० नंतरच्या काळात सरकारी पशुनोंदीत भीमथडी ही घोड्याची वेगळी जात म्हणून लिहिली गेली. आजवर ती जात टिकली, त्यात या फिरत्या मेंढक्यांचा हात मोठा आहे.

घोड्याचे सारे बाया पाहतात. पहाटे लादणे, पुढचा मुक्काम गाठणे, उतरवणे, तीन दगडांची चूल मांडणे, पाणी आणणे, हे सारे त्यांच्याकडे. पुरुष मेंढ्या चारीत मागून येतात. ते पोचतात तेव्हा भाकरी झालेली असते. बिऱ्हाड उतरले की घोड्याचे पुढचे दोन पाय दोराने बांधतात. मग तो चरतो, पण लांब पळत नाही. या दोराला पायबंद म्हणतात. "खर्चाला पायबंद घातला" असे आपण बोलतो, तो शब्द या दोराचाच आहे.

ओझ्याने घोड्याच्या पाठीला जखम होते. ओझे दोन्ही बाजूंना सारखे असावे आणि खाली जाड घोंगडी घडी करून घालावी. जखम झालीच तर ती भरेपर्यंत त्या घोड्यावर लादू नये. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. खिळा लागला, काच लागली, तर "चालतंय" म्हणून सोडून देऊ नये. घोडी अकरा महिने गाभण असते. तिच्या शेवटच्या महिन्यांत तिचे ओझे दुसऱ्या घोड्यांवर वाटून द्यावे. पाठीवरचे ओझे अवघडले तर ती वाटेतच टाकते, आणि शिंगरूही जाते.

वर घोंगडी म्हटले, ती येते लोकरीतून. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. आधी मेंढ्या नदीत धुतात, अंग सुकू देतात, मग पाय बांधून कातर चालवतात. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. कोकराची पहिली लोकर सर्वांत मऊ. तिला माणसाच्या बाळासारखेच जावळ म्हणतात. लोकर पिंजायची, रहाटावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि मागावर विणायचे. हे काम सणगर आणि खुटेकर लोक करीत आले. खळीला इतर काही वापरून पाहिले तरी चिंचोक्याची सर येत नाही असे जुने विणकर सांगतात.

कोकणातला शेतकरी या घोंगडीचे मोठे गिऱ्हाईक होता. लावणीच्या दिवसांत डोक्यावर इरले आणि अंगावर घोंगडी. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिते, तरी हाताला ओली लागत नाही. भर पावसात अंग ऊबदार राहते ते यामुळे. पुढे प्लास्टिकचा कागद आला. पानिपतहून स्वस्त ब्लँकेटे आली. घोंगडी देवघराजवळ, जागरणात आणि म्हाताऱ्यांच्या अंथरुणात उरली.

घोंगडीला गिऱ्हाईक नाही म्हणून लोकरीला भाव नाही. दख्खनी लोकर जाड आणि खरखरीत. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा धागा जेवढा असतो, त्यापेक्षा पुष्कळ जाड. तिचा स्वेटर होत नाही. लोकर वाढावी, मऊ व्हावी म्हणून परदेशी मेंढ्यांशी संकर करून पाहिले गेले, पण रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्यात नाजूक मेंढी काय कामाची? आज पुष्कळ ठिकाणी अशी गत आहे की कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. न कातरावे तर मेंढीला उन्हाळ्यात तलखी होते, अंगात गोचीड आणि उवा माजतात. म्हणून मेंढका पदरचे पैसे घालून कातरतो आणि लोकर टाकून देतो. ज्या लोकरीवर बापजाद्यांनी घर चालवले, ती आज ओहोळाच्या काठी पडलेली दिसते.

मग हा धंदा चालतो कशावर? एक, कोकरांवर. नर कोकरे वाढवून विकायची. मेंढी पाच महिने गाभण राहते आणि बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली लहानखुरी गॅरोल मेंढी आणून, तिचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवला. या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. हिला पुष्कळदा जुळी होतात. पण जुळ्यांना दूध जास्त लागते, आणि लांबच्या चालीत दोन अशक्त कोकरे सांभाळायची तर घोड्यावर डालगेही दोन लागतात. ज्याने त्याने आपला वाडा पाहून ठरवावे.

दुसरी मिळकत लेंडीखताची. आपला पनवेलचा शेतकरी आणि घाटावरचा मेंढका यांची गाठ पडते ती या खतावर.

रात्री मेंढ्या शेतात बसवतात. चारी बाजूंनी जाळी लावायची, मेंढ्या आत, कुत्री बाहेर. सकाळी जाळी काढायची आणि दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात लावायची. मेंढीच्या वाळल्या लेंडीत शंभर किलोंमागे सुमारे ३ किलो नत्र, १ किलो स्फुरद आणि २ किलो पालाश असते. शेणखतात एवढे नसते. शिवाय मेंढ्यांचे मूतही थेट जमिनीत मुरते. खत विकत आणून टाकले तर ते कुठले मिळणार? काही शेतकरी मुद्दाम राबाच्या जागेवर मेंढ्या बसवतात. राब भाजायला मग झाडांच्या फांद्या कमी तोडाव्या लागतात.

पण इथे एक अडचण आहे. भात निघाले की आपल्याकडे ओलीवर वाल पेरतात. रायगडचा वाल म्हणजे काय ते सांगायला नको. माघात पोपटी लागते ती याच शेंगांची. ज्याच्या शेतात वाल उभा, त्याला मेंढ्या नकोत. त्याच्या शेजाऱ्याला मात्र हव्यात. रात्रीत चार मेंढ्या जाळीतून निसटल्या की वालाचे वाफे साफ होतात. म्हणून बोलणी करताना शेतकऱ्याने शेजाऱ्याला बरोबर घ्यावे. नुकसान झाले तर कोणी भरायचे ते आधीच ठरवावे.

ही बोलणी तोंडी होतात. इथेच बिनसते.

एक प्रसंग सांगतो. माणसांची नावे घालत नाही, कारण असे कुठल्याही गावात होईल. एका शेतकऱ्याने वाडा बसवला. रात्रीला २० किलो भात आणि ३०० रुपये ठरले. शेवटच्या सकाळी मेंढका दारात आला.

"मालक, सा रात्री झाल्या. हिशेब करा."

"सहा कुठल्या पाव्हणं? पाच. मी पाचच धरल्यात."

"पहिली रात धरली न्हाई तुमी."

"पहिल्या रात्री तुम्ही काळोखात आलात. अर्ध्या मेंढ्या बांधावर, अर्ध्या रस्त्यात. ती कशी धरणार?"

मेंढक्याची बायको घोड्यावर बोचके बांधीत होती. ती पुढे आली. तिच्या हातात जाळीचा दोर होता. दोराला सहा गाठी मारलेल्या होत्या.

"दादा, रोज राती एक गाठ मारली. ह्या बघा, मोजा."

शेतकऱ्याने गाठी मोजल्या. सहाच होत्या. पण तो म्हणाला, "वहिनी, गाठ काय, आत्ताही मारता येते."

बाई काही बोलली नाही. दोर गुंडाळून तिने घोड्यावर टाकला. तिने खोटे सांगितले नव्हते. शेतकरीही लबाड नव्हता, त्याने खरेच पाच धरल्या होत्या. शेजारची दोन माणसे मध्ये पडली आणि साडेपाच रात्रींवर तोडले. ११० किलो भात आणि १,६५० रुपये. मेंढक्याचे १० किलो भात आणि १५० रुपये गेले. शेतकऱ्याला वाटले आपण जास्तीचे दिले. दोघांच्याही मनात अढी राहिली. पुढच्या वर्षी तो वाडा त्या शेताकडे वळला नाही. शेतकऱ्याला खत मिळाले नाही, त्याने रासायनिक खताच्या गोण्या आणल्या.

गाठ खोटी नव्हती. पण गाठीवर तारीख नसते, कोणाची सही नसते. पहिली रात्र धरायची की नाही, हेही गाठ सांगत नाही. दोघांनी पहिल्या संध्याकाळी चार ओळी लिहिल्या असत्या आणि खाली सह्या केल्या असत्या, तर वाद उभाच राहिला नसता. काय लिहायचे? आलेली तारीख. मेंढ्या किती. पहिली रात्र धरली की नाही. रात्रीला काय द्यायचे. उचल किती दिली. मेंढ्यांनी कोणाचे पीक खाल्ले तर भरपाई कोणी द्यायची. रोज सकाळी एक रेघ, आणि रेघेपुढे दोघांच्या अक्षरात खूण. भात किलोत लिहावे. पूर्वी पायली आणि मण चालत, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. देशात दशमान वजने १९५८ पासून सुरू झाली, तरी खळ्यावर पायली अजून ऐकू येते.

लिहिलेल्या कागदाची गरज याहूनही मोठ्या वेळी पडते. १ डिसेंबर २०२१ ला अवकाळी पाऊस झाला. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या भागांत, उघड्यावर बसलेल्या हजारावर मेंढ्या एका रात्री-दिवसात गारठून मेल्या. ऐन थंडी, अंगावर पाणी, वरून वारा. पाऊस हिवाळ्यात येईल हे कोणाच्या मनी नव्हते.

अशा वेळी सरकारी मदत मिळते, पण ती पंचनाम्यावर मिळते. केंद्र सरकारचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष मेंढीमागे ४,००० रुपयांचे होते, आणि तेही एका घराला ३० मेंढ्यांपर्यंतच. ज्याच्या शंभर मेल्या त्यालाही तिसांचेच. आता विचार करा. मेंढी मेली की माणूस आधी काय करतो? दुर्गंधी सुटू नये, रोग पसरू नये म्हणून खड्डा खणून पुरतो. पुरल्यावर तलाठी आला तर त्याला दाखवायचे काय? म्हणून मेलेले जनावर पुरण्याआधी फोनवर फोटो काढावा. तलाठी आणि जनावरांचे डॉक्टर यांना कळवावे. कानात बारा अंकांचा बिल्ला असेल तर तो आकडा वहीत उतरवून घ्यावा. कळपात किती मेंढ्या होत्या, हे वहीत महिन्याच्या महिन्याला लिहिलेले असेल तर सांगणाऱ्याची जीभ अडखळत नाही. वाडा परमुलखात असतो. तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते, ओळख सांगायला वहीच असते.

आता पनवेलात शेतेच कमी होत चालली आहेत हे खरे. सिडको १९७० साली निघाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जिथे वाडे उतरत तिथे आज इमारती आणि गोदामे आहेत. पण प्रबळगडाच्या पायथ्याकडे, डोंगराच्या कुशीतल्या गावांत भात अजून पिकते. वाडे आता तिकडे वळतात. मेंढक्याची पोरे शाळेत टिकत नाहीत, कारण शाळा एका गावात आणि आई-बाप दुसऱ्या गावात. काही घरांनी आता आजी-आजोबांना आणि मुलांना गावीच ठेवले आहे. अशा घरांत मुलगी शिकते आणि फोनवर आईला हिशेब सांगते. आईने स्वतः शिकून घेतले तर फोनची वाट पाहावी लागणार नाही.

वरच्या प्रसंगातल्या बाईने वही कशी लिहिली असती, ते खाली दिले आहे. मोठ्याने वाचा, मग आपल्या पाटीवर उतरवा.

"तारीख १२ डिसेंबर. वाडा आला दिवस मावळल्यावर. मेंढ्या २८०. पहिली रात्र धरली. रात्रीला भात २० किलो, रोख ३०० रुपये. उचल ५०० रुपये मिळाली. शेजारच्या वालाला जाळीपासून दहा पावले अंतर. वाल खाल्ला तर भरपाई आमची. सही मेंढके. सही शेतकरी."

वाडा १९ डिसेंबरच्या सकाळी उठला. एकूण रात्री किती झाल्या ते बोटांवर मोजा. १२ तारखेची रात्र धरायची, १९ तारखेची नाही. भात किती किलो मिळायला हवे? उचल वजा केल्यावर रोख किती राहिली? शेवटच्या रात्री सहा मेंढ्या वालात शिरल्या आणि दोघांनी मिळून नुकसान २५० रुपये ठरवले. ते वजा करून बाईच्या हातात किती रुपये पडले, तेही लिहा.